पडद्याआडचे चेहरे

परळीच्या वैजनाथाच्या देवळाचा जीर्णोद्धार अहिल्याबाई होळकरांनी केला, हे आपल्या बीड जिल्ह्यात लहान पोरालाही ठाऊक. घराघरात त्यांचा ‘फोटो’ही असतो. पण मैत्रिणींनो, बाई गेल्या १७९५ मध्ये आणि कॅमेऱ्याची कला जगापुढे आली १८३९ मध्ये! म्हणजे आपण हात जोडतो तो चित्राचा फोटो.

पुढच्या राजेरजवाड्यांना खराखुरा फोटो मिळाला, त्यात मोठा वाटा लाला दीनदयाळ यांचा. जन्म १८४४, मेरठजवळच्या सरधन्याचा. रुरकीला इंजिनिअरिंग शिकले आणि इंदूरला बांधकाम खात्यात नकाशे काढू लागले. कॅमेरा नुसता छंद. तो उचलून धरला दुसऱ्या तुकोजीराव होळकरांनी, म्हणजे अहिल्याबाईंच्याच गादीनं. मग सरकारी नोकरी सोडून स्वारी हैदराबादेत आली आणि सहावे निजाम महबूब अली खान यांचे दरबारी फोटोग्राफर झाली. आपलं बीड तेव्हा निजामाच्याच राज्यात. अंबाजोगाईला मोमिनाबाद म्हणायचे.

निजामानं त्यांना ‘राजा मुसव्विर जंग’ किताब दिला. मुसव्विर म्हणजे चित्र काढणारा. फोटोवाल्याला चित्रकाराचा मान! दरबारी मंडळींचे डोळे रंगीत तसबिरींना सरावलेले. त्या काळच्या साध्या प्लेटवर लाल नि पिवळा रंग काळपट उमटायचा. लालभडक शालू काळा, केशरी पागोटं काळं. तसबिरीचा फोटो काढला तरी तीच गत. मग वरून ब्रशनं रंग भरत.

पण मला दीनदयाळ आवडतात ते १८९२ साठी. बेगमा नि सरदारांच्या लेकीसुना पडद्यात. परपुरुषासमोर बसायचं कसं? त्यांनी सिकंदराबादला खास जनाना स्टुडिओ काढला. भोवती उंच भिंती आणि कारभार मिसेस केनी-लेविक या इंग्रज बाईकडे. धंद्याची नजर होती, कबूल. तरी या बायकांना आपलाच चेहरा कागदावर बघायला मिळाला, ही काय लहान गोष्ट? आपल्याकडून मात्र सिकंदराबाद म्हणजे बैलगाडीची वाट. आपल्या खापरपणज्यांपैकी कुणी तिथवर पोचली असेल, असं वाटत नाही.

१९०५ मध्ये दीनदयाळ गेले. त्यांच्या २,८५७ काचेच्या निगेटिव्ह १९८९ मध्ये दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्रानं विकत घेतल्या.