सलग ३ निवडणुका, ३ वेगळ्या विधानसभा! जळकोटकरांच्या मतामागचे स्वामीजी कोण?

जळकोट तालुका आज उदगीर (राखीव) मतदारसंघात आहे. २००९ आणि २०१४ मध्ये इथून भाजपचे सुधाकर भालेराव, तर २०१९ आणि २०२४ मध्ये राष्ट्रवादीचे संजय बनसोडे निवडून आले. पण सुरुवातीचा इतिहास जास्त रंजक आहे. १९५२ मध्ये इथल्या लोकांनी हैदराबाद विधानसभेसाठी मत दिलं, १९५७ मध्ये मुंबईच्या आणि १९६२ मध्ये महाराष्ट्राच्या. गाव तिथंच, राज्य मात्र बदलत गेलं.

या बदलामागे मोठा वाटा होता स्वामी रामानंद तीर्थ यांचा. मूळ नाव व्यंकटेश खेडगीकर, जन्म १९०३. हिप्परग्याच्या शाळेत शिक्षक, १९३२ मध्ये संन्यास. निजामाच्या राज्यात सरकार लोकांना उत्तर देणारं असावं, यासाठी ते तुरुंगात गेले. १७ सप्टेंबर १९४८ ला संस्थान मुक्त झालं, तरी ते थांबले नाहीत. हैदराबादची भाषेनुसार विभागणी व्हावी, हा त्यांचा आग्रह होता. नेहरूंना तो सुरुवातीला पटला नव्हता.

१९५६ मध्ये ती विभागणी झाली. मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि स्वामीजी १९५२ मध्ये जिथून खासदार झाले होते, ते गुलबर्गा म्हैसूर राज्यात गेलं! १९५७ मध्ये ते औरंगाबादमधून लोकसभेवर गेले. मंत्रिपद त्यांनी कधीच भूषवलं नाही. १९७२ मध्ये त्यांचं निधन झालं. जळकोटच्या पोरांच्या पदवीवर आज जे विद्यापीठाचं नाव असतं, ते त्यांचंच.