पाठदुखीचा जमाखर्च

अमेरिकेतील आयोवा राज्यात, मिसिसिपी नदीच्या काठी डॅव्हनपोर्ट नावाचे शहर आहे. १९०६ साली तेथील तुरुंगात एकसष्ट वर्षांचा एक दाढीधारी गृहस्थ दंड भरण्याऐवजी कैद पत्करून बसला होता. परवान्याविना वैद्यकी केल्याचा आरोप त्याच्यावर शाबीत झाला होता. सुमारे तीन आठवड्यांनी त्याने दंड भरला आणि तो बाहेर आला. डॅनिएल डेव्हिड पामर हे त्याचे नाव. औषध वा शस्त्रक्रिया यांचा आश्रय न घेता, हाताच्या दाबाने मणके ठीक करू पाहणाऱ्या कायरोप्रॅक्टिक या उपचारपद्धतीचा तो जनक होय.

पामर यांचा जन्म १८४५ साली कॅनडात, टोरांटोनजीक झाला. विशीत असताना ते अमेरिकेत आले. तेथे त्यांनी शाळामास्तरकी केली, मधमाश्या पाळल्या, किराणा मालाचे दुकान चालविले. पुढे तळहातातील चुंबकीय शक्तीने रोग बरे होतात, या तत्कालीन समजुतीच्या आधारावर त्यांनी उपचार आरंभले व डॅव्हनपोर्ट येथे जम बसविला. वैद्यकाचे रीतसर शिक्षण त्यांनी घेतलेले नव्हते.

१८९५ च्या सप्टेंबरात त्यांच्या आयुष्याला कलाटणी मिळाली. त्यांच्या इमारतीतील झाडलोट करणारे हार्वी लिलार्ड यांना सतरा वर्षांपासून जवळजवळ ऐकू येत नव्हते. त्यांच्या पाठीचा एक मणका सरकल्याचे आपल्याला आढळले, तो दाबून बसविताच त्यांना ऐकू येऊ लागले, असे पामर यांनी सांगितले. या एका अनुभवावर त्यांनी सिद्धान्ताचा इमला उभारला. बहुतेक साऱ्या रोगांचे मूळ सरकलेल्या मणक्यांत असते, असे ते प्रतिपादू लागले. सॅम्युएल वीड या धर्मोपदेशकाने, म्हणजे त्यांच्याच एका रुग्णाने, ग्रीक शब्दांवरून या पद्धतीचे नामकरण केले. हाताने केलेले कार्य, असा त्या नावाचा आशय.

१८९७ मध्ये त्यांनी आपल्या विद्येची शाळा काढली. परंतु विद्या देणे आणि व्यवहार सांभाळणे या दोन गोष्टी त्यांच्या ठायी एकत्र नांदल्या नाहीत. तुरुंगवासाच्याच वर्षी शाळा मुलाच्या, बी. जे. पामर यांच्या, हाती गेली आणि पितापुत्रांत वितुष्ट आले. मुलाने जाहिरातीच्या बळावर शाळेचा विस्तार केला, तर पित्याने १९१० मध्ये आपले मत मांडणारा जाडजूड ग्रंथ लिहिला. २० ऑक्टोबर १९१३ रोजी लॉस एंजेलिस येथे विषमज्वराने पामर यांचे निधन झाले. त्याच वर्षी कॅन्सस राज्याने या व्यवसायाला मान्यता देणारा कायदा संमत केला, हा दैवाचा विलक्षण खेळच म्हटला पाहिजे.

पामर यांचा सिद्धान्त शास्त्राच्या कसोटीवर टिकला नाही. कानाची मज्जा मेंदूतून थेट कानाकडे जाते, ती पाठीच्या मणक्यांतून जात नाही. मात्र मूळ सिद्धान्त चुकीचा ठरला म्हणून त्याच्या नावाने चाललेली क्रिया सर्वस्वी निरुपयोगी ठरते, असे नाही. कंबर व पाठ यांच्या दुखण्यावर या दाबांचा थोडाफार गुण येतो, असे प्रयोगांत दिसून आले. वैद्यांचा प्रश्न येथे बहुतांशी संपतो आणि अर्थशास्त्राचा प्रश्न सुरू होतो : हा गुण किती दामाला पडतो?

या प्रश्नाचा हिशेब दोन ठिकाणी काळजीपूर्वक मांडला गेला आहे. १९९८ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या पाहणीत कंबरदुखीच्या ३२१ रुग्णांचे तीन गट होते. दोन वर्षांत कायरोप्रॅक्टिकच्या गटावर दरडोई सुमारे ४२९ डॉलर, व्यायामोपचाराच्या गटावर ४३७ डॉलर, तर ज्यांच्या हाती केवळ एक माहितीपुस्तिका दिली होती त्यांच्यावर १५३ डॉलर खर्च झाला. पुस्तिकावाल्यांच्या तुलनेत इतरांचा लाभ नाममात्र होता. २००४ साली ब्रिटनमधील १,३३४ रुग्णांची पाहणी प्रसिद्ध झाली. तेथे नेहमीच्या वैद्यकीय सल्ल्यावर वर्षाला दरडोई ३४६ पौंड लागले, त्यात मणक्यांवरील हस्तोपचाराची जोड दिल्यावर ५४१. ही जोड देणाऱ्यांत कायरोप्रॅक्टिकचे उपचारक होते, तसेच इतर प्रशिक्षित उपचारकही होते. या जादा खर्चातून मिळणाऱ्या निरोगी आयुष्याच्या प्रत्येक वर्षाची किंमत सुमारे ४,८०० पौंड पडली. तेथील सरकारी आरोग्यसेवा त्या काळी अशा एका वर्षासाठी वीस ते तीस हजार पौंडही रास्त मानत असे. साहजिकच ब्रिटिश अभ्यासकांनी हा उपचार किफायतशीर ठरविला.

वरवर पाहता हे दोन निष्कर्ष परस्परविरोधी भासतील. वस्तुतः ते तसे नाहीत. लाभ दोन्हीकडे अल्पच आहे. तो अल्प लाभ घेण्यासारखा आहे की नाही, हे पैसा कोणाच्या खिशातून जातो आणि त्याच पैशात दुसरे काय मिळाले असते, यावर ठरते. ज्या समाजाने आरोग्याचा भार सामुदायिक तिजोरीवर घेतला आहे, त्याला तो परवडतो. महिन्याच्या पगारातून मुलांची फी व घरभाडे भागविणाऱ्या माणसाने मात्र आधी विचारले पाहिजे की, चालते-फिरते राहण्याचा फुकटचा सल्ला आपण पुरता आजमावला आहे काय? नव्याने उद्भवलेली कंबरदुखी बहुधा काही आठवड्यांत आपोआप ओसरते. आणि मग श्रेय शेवटच्या उपचारकाला जाते. लिलार्ड यांच्या कहाणीवरून सिद्धान्त रचताना पामर यांनी हीच चूक केली होती.

पामर यांनी एका रुग्णावरून साऱ्या मानवजातीचा निष्कर्ष काढला. त्यांच्या विरोधकांनी त्यांच्या सिद्धान्तावरून साऱ्या क्रियेचा निकाल लावला. दोघांनाही तुलनेचा हिशेब सुचला नाही. उपचार करणाऱ्याचा आत्मविश्वास किंवा फलकावरील पदव्या यांवरून उपचाराचे मोल ठरत नाही. स्वस्त पर्यायापेक्षा तो किती अधिक देतो आणि त्यासाठी किती अधिक मागतो, या दोन आकड्यांवरून ते ठरते. पाठ दुखत असताना हा प्रश्न विचारणे अवघड असते, हे खरे. म्हणूनच तो दुखण्याआधी शिकून ठेवला पाहिजे.