रेजिनाल्ड फेसेंडेन

रेडिओचा शोध कोणी लावला असे वर्गात विचारले की मुले मार्कोनीचे नाव घेतात. ते अगदीच चूक नाही. पण सुरुवातीच्या बिनतारी यंत्रांतून फक्त टिंब-रेघांचे संदेश जात. माणसाचा आवाज त्या मार्गाने नेला तो फेसेंडेन यांनी. १८६६ साली कॅनडातील क्विबेक प्रांतात जन्मलेले हे गृहस्थ पदवी न घेताच बर्म्युडा बेटावर शाळामास्तर झाले. (आम्हा शिक्षकांना याचे जरा अधिकच कौतुक!) पुढे एडिसनकडे नोकरी केली, पिट्सबर्गला प्राध्यापकी केली.

त्या काळी विजेची ठिणगी पाडून लहरी उत्पन्न करीत. तळ्यात खडा टाकावा, तरंग उठावेत आणि विरून जावेत, तसा तो प्रकार. अशा तुटक लहरीवर आवाज बसणार कसा? लहर अखंड हवी, हे फेसेंडेन यांनी ओळखले. मायक्रोफोन आवाजाचे विजेच्या चढउतारांत रूपांतर करतो. त्यांप्रमाणे लहरीचा जोर कमी-अधिक केला, की ऐकणाऱ्याचा संच तेच चढउतार वेगळे काढून त्यांचा पुन्हा आवाज करतो.

२३ डिसेंबर १९०० रोजी अमेरिकेतील कॉब बेटावर मैलभर अंतरावर त्यांचे शब्द पोचले. पण ठिणग्यांच्या खरखरीत. १९०६ साली ब्रँट रॉक येथे त्यांनी अखंड लहरी देणारे, अतिशय वेगाने फिरणारे जनित्र बसविले, आणि बोलणे अकरा मैलांवरील प्लिमथला स्वच्छ ऐकू गेले. भागीदारांशी मात्र त्यांचे बिनसले. पेटंटांचा तंटा १९२८ साली तडजोडीने मिटला. मग ते बर्म्युडालाच जाऊन राहिले आणि १९३२ मध्ये तेथेच वारले.