दहा डास, दहा आणे

पावसाळा लागला की आमच्या कुकटपल्लीतल्या दवाखान्यांबाहेर रांगा लागतात. ताप आला म्हटलं की आधी रक्त तपासायचं, मलेरिया की डेंग्यू ते बघायचं. गल्लीतल्या छोट्या दवाखान्यातसुद्धा पाव तासात पट्टीवर रेघ उमटते. गेल्या वर्षी धाकट्या भावाच्या पट्टीवर ती उमटली, तेव्हा मला रोनाल्ड रॉस आठवला. शाळेत त्याचं नाव एका ओळीत पाठ केलं होतं. पण त्याचा शोध लागला ती जागा आमच्यापासून इतकी जवळ आहे, हे कुणी सांगितलं नव्हतं. मेट्रोने अमीरपेठला जायचं, तिथे गाडी बदलायची, पुढचंच स्टेशन बेगमपेठ.

रॉसचा जन्म 13 मे 1857 चा, हिमालयातल्या अल्मोड्याचा. वडील इंग्रजांच्या हिंदुस्थानी फौजेत अधिकारी. मुलाला कविता, चित्रं, गणित यांचा नाद. डॉक्टरकी त्याच्या माथी मारली ती वडिलांनी. लंडनला अभ्यास यथातथाच केला, काही काळ बोटीवर डॉक्टर म्हणून काढला आणि 1881 मध्ये इंडियन मेडिकल सर्व्हिसमध्ये शिरला. इथे आल्यावरही फावल्या वेळात कादंबऱ्या लिहीतच होता.

एक गोष्ट मात्र मला फार आवडते. बंगळूरला असताना त्याच्या बंगल्यात डास फार. खिडकीबाहेरच्या पिंपात अळ्या दिसल्या. त्याने पिंप उपडं केलं, डास कमी झाले. मग मेसमधली पाण्याची भांडीही अशीच रिकामी करू या, असं त्याने वरच्या अधिकाऱ्याला सुचवलं. त्या साहेबाने चक्क नकार दिला. निसर्गाच्या व्यवस्थेत ढवळाढवळ नको म्हणे! आणि तेव्हा डासांचा तापाशी संबंध आहे हे रॉसलाही माहीत नव्हतं.

तो संबंध त्याच्या डोक्यात भरवला लंडनच्या पॅट्रिक मॅन्सनने, 1894 मध्ये. मलेरियाचे जंतू रक्तात असतात हे फ्रेंच डॉक्टर लाव्हरांने आधीच दाखवलं होतं. ते एका माणसातून दुसऱ्यात जातात कसे, हा प्रश्न उरला होता. डासावर मॅन्सनचा संशय होता. 1895 मध्ये रॉस सिकंदराबादच्या पलटणीत रुजू झाला आणि कामाला लागला.

आता प्रयोगशाळा म्हणजे काय, तर पलटणीचं साधं इस्पितळ. सूक्ष्मदर्शकाचे स्क्रू त्याच्याच घामाने गंजलेले, वरची काच तडकलेली. डास उडून जातील म्हणून उन्हाळ्यातही पंखा बंद. दोन वर्षं त्याने डासांमागून डास फाडले, हाती काही नाही. कारण जात चुकीची होती. करडे आणि पट्ट्यापट्ट्यांचे डास मलेरिया नेतच नाहीत. मधल्या काळात कॉलऱ्याच्या कामावर बदली झाली, उटीकडे गेला तर स्वतःलाच मलेरिया झाला.

1897 च्या ऑगस्टमध्ये ठिपकेदार पंखांचे डास हाती आले. पण नुसते डास काय कामाचे? रक्तात जंतू असलेला माणूस हवा, तो इस्पितळात खाटेवर हवा, आणि डास चावू द्यायला तयार हवा. तो माणूस म्हणजे हुसेन खान. एका डासाला एक आणा ठरला. 16 ऑगस्टला दहा डास चावले, दहा आणे झाले.

हे वाचताना मला राहून राहून पुणं आठवतं. त्याच साली तिथे प्लेग होता. मार्चमध्ये सावित्रीबाई फुले प्लेगच्या रुग्णांची सेवा करता करता गेल्या. सोल्जर घरात घुसून झडत्या घेत होते, आजाऱ्यांना इस्पितळात आणि घरच्यांना छावणीत नेत होते. 22 जूनला रँडवर गोळी झाडली गेली. इस्पितळ म्हणजे धरून नेण्याची जागा, अशी लोकांची धास्ती होती. त्यानंतर दोनच महिन्यांनी बेगमपेठला एक रोगी मोबदला ठरवून हात पुढे करतो. मोबदला फुटकळच होता, आणि आजच्या नियमांत हे बसणारही नाही. पण हुसेन खानाला विचारलं गेलं होतं, हे मला महत्त्वाचं वाटतं.

20 ऑगस्टला दुपारी रॉसने उरलेल्यांपैकी एक डास फाडला. जठराच्या भिंतीत गोल पेशी दिसल्या, आत काळे कण. मलेरियाच्या जंतूत असतात तसेच. दुसऱ्या दिवशी शेवटचा डास फाडला, तर पेशी मोठ्या झालेल्या. म्हणजे जंतू डासाच्या पोटात वाढत होता. धर्माचं फारसं न बोलणाऱ्या या माणसाने तेव्हा देवाचे आभार मानणारी कविता लिहिली.

आणि सरकारने काय केलं? महिनाभरात त्याची बदली केली, राजपुतान्यातल्या खेरवाड्याला, जिथे मलेरिया जवळजवळ नव्हताच! मॅन्सनने खटपट केली तेव्हा 1898 मध्ये कलकत्ता मिळालं. पण तिथे प्लेगच्या लशीची दहशत. बोटाला सुई टोचणार म्हटलं की रोगी पळायचे. मग रॉस पक्ष्यांच्या मलेरियाकडे वळला. मोहंमद बक्ष हा मदतनीस बरोबर होता. जुलैमध्ये जंतू डासाच्या लाळग्रंथीत सापडले आणि कोडं सुटलं. माणसाच्या बाबतीतला पूर्ण पुरावा त्याच साली इटलीच्या ग्रासी आणि मंडळींनी दिला. त्यावरून रॉस आयुष्यभर भांडला. नोबेल 1902 मध्ये एकट्या रॉसला मिळालं, तरी भांडण मिटलं नाही. माणूस फटकळच. 1932 मध्ये लंडनला वारला.

नल्लकुंट्याचं सरकारी फीव्हर हॉस्पिटल आज त्याच्या नावाने आहे, पण आमच्याकडे त्याला कोरंटी दवाखानाच म्हणतात. क्वारंटाईनचं ते कोरंटी. हुसेन खानाच्या नावाचं काही मला दिसलं नाही.

मागच्या रविवारी बेगमपेठची ती जुनी इमारत बघून आले. घरी पोचल्यावर चप्पल न काढताच गच्चीवर गेले आणि पिंपाचं झाकण उघडून पाहिलं. अळ्या होत्या.