टेड मॅकार्टी

थिओडोर मिलसन मॅकार्टी ऊर्फ टेड मॅकार्टी (१० ऑक्टोबर, १९०९ – १ एप्रिल, २००१) हे अमेरिकी अभियंते आणि वाद्यनिर्मिती उद्योगातील प्रशासक होते. गिब्सन या गिटारनिर्मिती कंपनीचे ते १९५० ते १९६६ या काळात अध्यक्ष होते. लेस पॉल, फ्लाइंग व्ही, एक्सप्लोरर आणि एसजी या प्रसिद्ध इलेक्ट्रिक गिटारी त्यांच्या कारकिर्दीत तयार झाल्या. त्यांची सर्वांत टिकाऊ कामगिरी मात्र १९५८ मध्ये बाजारात आलेली ईएस-३३५ ही अर्धपोकळ इलेक्ट्रिक गिटार मानली जाते. ब्लूज, जॅझ, रॉक आणि चित्रपटसंगीत अशा भिन्न शैलींसाठी एकच वाद्य निवडायचे झाल्यास आजही याच रचनेचा विचार प्रथम केला जातो. मॅकार्टी स्वतः गिटारवादक नव्हते.

प्रारंभिक जीवन

मॅकार्टी यांचा जन्म अमेरिकेतील केंटकी राज्यात सॉमरसेट येथे झाला. सिनसिनाटी विद्यापीठातून त्यांनी अभियांत्रिकीची पदवी घेतली. त्या काळात अमेरिकेत महामंदी सुरू होती. १९३० च्या दशकाच्या मध्यात ते वुर्लिट्झर या वाद्य कंपनीत रुजू झाले आणि तेथे सुमारे बारा वर्षे त्यांनी काम केले. वाद्यांचा व्यापार, कारखान्याचा हिशेब आणि उत्पादनातील शिस्त यांचा अनुभव त्यांना याच नोकरीत मिळाला.

गिब्सनमध्ये

ऑर्व्हिल गिब्सन यांच्या मँडोलिन व गिटारींच्या आधारे मिशिगन राज्यातील कॅलामझू येथे १९०२ मध्ये गिब्सन कंपनीची स्थापना झाली होती. १९४४ मध्ये शिकागो म्युझिकल इन्स्ट्रुमेंट्स या कंपनीने ती विकत घेतली. दुसऱ्या महायुद्धात कारखान्याचा मोठा भाग युद्धसामग्रीच्या कामाला लागला होता. युद्ध संपल्यावर वाद्यांचे उत्पादन पुन्हा सुरू झाले, परंतु आर्थिक घडी बसेना. मूळ कंपनीचे प्रमुख मॉरिस बर्लिन यांनी मॅकार्टी यांना १९४८ मध्ये कॅलामझू येथे आणले. दोन वर्षांत ते अध्यक्ष झाले.

त्यांच्यासमोर केवळ तोट्याचा प्रश्न नव्हता. गिटार हे वाद्यच त्या वेळी एका पेचात सापडले होते. पोकळ लाकडी धड, कमानदार तबली आणि तिच्यावर व्हायोलिनप्रमाणे इंग्रजी 'एफ' अक्षराच्या आकाराची छिद्रे, ही गिब्सनची परंपरा. १९३६ मध्ये कंपनीने ईएस-१५० ही पिकअप बसविलेली गिटार काढली. तिच्यावर चार्ली ख्रिश्चन या तरुण वादकाने जॅझमध्ये गिटारला ट्रम्पेट व सॅक्सोफोन यांच्या बरोबरीचे स्थान मिळवून दिले. 'ईएस' या अक्षरांचा अर्थ इलेक्ट्रिक स्पॅनिश असा आहे. मांडीवर आडवी ठेवून सळईने वाजविल्या जाणाऱ्या हवाईयन गिटारपेक्षा ही वेगळी, हे त्या नावातून सांगायचे होते.

आवाज वाढवू लागताच मात्र पोकळ धड अडचणीचे ठरे. मिरजेच्या तंबोऱ्याचा भोपळा आणि तबली जशी तारेच्या कंपनाने थरारते, तशीच पोकळ गिटारची तबलीही थरारते. तंबोऱ्याचे सौंदर्य त्या थरारातच आहे. ॲम्प्लिफायरसमोर उभ्या असलेल्या गिटारवादकाला मात्र तोच थरार त्रासदायक होतो. लाउडस्पीकरचा आवाज तबलीवर आदळून तिला हलवतो, तबली तारांना हलवते, पिकअप ते कंपन पुन्हा ॲम्प्लिफायरकडे पाठवतो आणि हे चक्र वाढत जाऊन शेवटी कर्कश किंकाळी उमटते. या प्रकाराला फीडबॅक म्हणतात.

यावर उपाय म्हणून लेस पॉल या वादकाने १९४० च्या सुमारास पाइनच्या एका ओंडक्यावर तारा व पिकअप बसवून त्याच्या दोन्ही बाजूंना एपिफोन गिटारचे पोकळ भाग जोडले होते. या प्रयोगाला 'लॉग' असे नाव पडले. गिब्सनने तेव्हा त्यात रस दाखविला नाही. पुढे १९५० मध्ये कॅलिफोर्नियातील लिओ फेंडर यांनी भरीव लाकडाची इलेक्ट्रिक गिटार बाजारात आणली आणि ती खपू लागली. मग मॅकार्टी यांनी आपल्या कारखान्यातही भरीव गिटारचे काम हाती घेतले. ती १९५२ मध्ये लेस पॉल यांच्या नावाने विक्रीस आली. या गिटारच्या रचनेत लेस पॉल यांचा वाटा किती होता, याविषयी दोघांनी पुढील आयुष्यात परस्परविरोधी माहिती दिली. मॅकार्टी यांच्या म्हणण्यानुसार गिटारची रचना आधीच तयार होती व वादकाचे नाव नंतर जोडले गेले. लेस पॉल मात्र आपला सहभाग याहून बराच मोठा असल्याचे सांगत. पहिल्या प्रतींमधील तारा अडकविण्याची पट्टी सदोष होती आणि ती लवकरच बदलावी लागली.

या काळातील दोन सुधारणा पुढील कामासाठी निर्णायक ठरल्या. पहिली ट्यून-ओ-मॅटिक नावाची घोडी. तिचे पेटंट मॅकार्टी यांच्या नावावर आहे. तिच्यात प्रत्येक तारेची लांबी स्क्रूने स्वतंत्रपणे कमीजास्त करता येते, त्यामुळे वरच्या पडद्यांवरही स्वर शुद्ध लागतो. १९५४ पासून ती वापरात आली. दुसरी सुधारणा त्यांनी आणलेल्या सेथ लव्हर या तंत्रज्ञाची होती. साध्या पिकअपमध्ये विजेच्या तारा व दिव्यांमुळे सतत गुणगुण ऐकू येई. लव्हर यांनी विरुद्ध दिशेने गुंडाळलेली दोन वेटोळी शेजारी ठेवून ती गुणगुण परस्पर नाहीशी केली. हंबकर नावाच्या या पिकअपसाठी १९५५ मध्ये पेटंटचा अर्ज करण्यात आला.

ईएस-३३५

भरीव गिटारने किंकाळीचा प्रश्न सोडवला, पण जॅझ वादकांना ती मानवली नाही. तिचा स्वर घट्ट व लांब टिकणारा होता, परंतु पोकळ धडातून येणारी हवेशीर ऊब त्यात नव्हती. याउलट गिब्सनच्या जुन्या पोकळ गिटारी तीन इंचांहून जाड आणि मोठ्या आवाजाला निरुपयोगी होत्या. १९५५ मध्ये कंपनीने बर्डलँड व ईएस-३५०टी या पातळ पोकळ गिटारी काढल्या. त्या धरायला सोप्या होत्या, मात्र फीडबॅक कायम राहिला.

मॅकार्टी यांनी या दोन्ही प्रकारांना एकाच धडात आणले. सोळा इंच रुंद आणि पावणेदोन इंचांच्या आसपास जाडीचे धड घेऊन त्याच्या मधोमध, मानेपासून शेपटीपर्यंत, मेपलचा एक भरीव ठोकळा बसविण्यात आला. दोन्ही बाजूंचे पंख पोकळच ठेवले आणि त्यांवर 'एफ' छिद्रे कायम राहिली. तबली पातळ पदर चिकटवून केलेली व कमानदार होती, ठोकळा मात्र सपाट. या दोहोंमधील फट भरण्यासाठी स्प्रूस लाकडाचे कापून आकार दिलेले तुकडे वापरले गेले. पिकअप, घोडी आणि तारांचे टोक हे सर्व भरीव भागावर आले. परिणामी तबलीचा थरार आटोक्यात राहिला आणि स्वराची आस वाढली, तरी पंखांच्या पोकळीमुळे आवाजातील ऊब पुरती गेली नाही. धडाला दोन्ही बाजूंनी खाचा दिल्यामुळे मान एकोणिसाव्या पडद्यापर्यंत मोकळी झाली आणि बाविसावा पडदाही हाताच्या टप्प्यात आला.

लेस पॉल यांच्या 'लॉग'शी या रचनेचे साम्य उघड आहे. मात्र 'लॉग'चे पंख केवळ दिसण्यापुरते होते, येथे पंखांनाही नादाचे काम दिले आहे. ३३५ चे खरे नावीन्य याच फरकात आहे.

त्याच वर्षी मॅकार्टी यांनी बाणाच्या आकाराची फ्लाइंग व्ही आणि तिरकस कोनांची एक्सप्लोरर या गिटारीही काढल्या. फेंडरच्या तुलनेत गिब्सन जुनाट असल्याची टीका पुसून काढण्याचा तो प्रयत्न होता. त्या वेळी त्या जवळजवळ विकल्या गेल्या नाहीत. पहिल्या दोन वर्षांतील फ्लाइंग व्ही गिटारींची संख्या शंभराच्या आतच राहिली. आज त्या मूळ प्रती संग्राहकांच्या दृष्टीने अतिशय मौल्यवान आहेत. ३३५ ला मात्र अशी वाट पाहावी लागली नाही आणि तेव्हापासून तिचे उत्पादन जवळपास अखंड चालू आहे.

एकाच रचनेची अनेक रूपे

मॅकार्टी यांनी या रचनेभोवती एक कुटुंबच उभे केले. त्यातील फरक आजही गिटार निवडणाऱ्याला माहीत असावे लागतात, कारण बाहेरून ही वाद्ये जवळजवळ सारखीच दिसतात. १९५९ मधील ईएस-३३० च्या आत मधला ठोकळा नाही. ती पूर्ण पोकळ असून तिच्यावर पी-९० हे एकेरी वेटोळ्याचे पिकअप असतात. तिची मान धडाला सोळाव्या पडद्याजवळ मिळते. मंद आवाजातील जॅझला ती उत्तम, मात्र मोठ्या आवाजाच्या रॉकमध्ये लवकर किंचाळते. ईएस-३४५ मध्ये स्टिरिओ जोडणी आणि सहा स्थानांची व्हॅरिटोन कळ होती. एका कळीवर सहा प्रकारचे आवाज मिळावेत ही कल्पना कागदावर आकर्षक होती, प्रत्यक्षात अनेक वादकांनी ती कळ काढून टाकली. ईएस-३५५ ही सर्वांत महागडी व नटलेली. बी. बी. किंग यांनी ३५५ स्वीकारली. पुढे १९८० च्या दशकाच्या प्रारंभी त्यांच्या नावाने काढलेल्या प्रतिकृतीतून 'एफ' छिद्रेच वगळण्यात आली, कारण मोठ्या मंचावर अर्धपोकळ धडालाही फीडबॅकचा त्रास होत असे.

१९५७ मध्ये विकत घेतलेल्या एपिफोन या प्रतिस्पर्धी कंपनीच्या नावानेही याच वळणाच्या गिटारी निघाल्या. त्यांपैकी १९६१ ची कसिनो ही ३३० प्रमाणे पूर्ण पोकळ आहे. बीटल्समधील जॉन लेनन, पॉल मॅकार्टनी आणि जॉर्ज हॅरिसन या तिघांनीही ती वापरली. कसिनोला अर्धपोकळ समजून विकत घेण्याची चूक नवशिक्यांकडून वारंवार होते.

३३५ वर फ्रेडी किंग यांच्या ब्लूजपासून लॅरी कार्लटन यांच्या संगीतापर्यंतची घराणी वाढली असे म्हणणे सोपे आहे, परंतु त्यात थोडी दुरुस्ती हवी. फ्रेडी किंग यांचे नाव प्रामुख्याने ३४५ शी जोडले जाते. एरिक क्लॅप्टन यांनी १९६४ ची ३३५ क्रीम या वाद्यवृंदाच्या १९६८ मधील निरोपाच्या कार्यक्रमात वाजवली. अल्विन ली यांनी १९६९ च्या वुडस्टॉक महोत्सवात ३३५ वरच आपले गाजलेले वादन केले. या रचनेच्या बहुगुणीपणाची खरी कसोटी मात्र १९७० च्या दशकात लॉस एंजेलिसच्या ध्वनिमुद्रणगृहांत लागली. तेथील वादकाला सकाळी जाहिरातीचे, दुपारी चित्रपटाचे आणि संध्याकाळी रॉकचे ध्वनिमुद्रण करावे लागे. कार्लटन यांनी अशा कामासाठी ३३५ निवडली आणि 'मिस्टर ३३५' हे नाव मिळवले. मानेजवळचा पिकअप व बंद केलेली टोनची कळ यांतून जॅझचा गोल स्वर, दोन्ही पिकअप एकत्र केल्यास साथीला लागणारा स्वच्छ आवाज, घोडीजवळच्या पिकअपवर ॲम्प्लिफायर चढवल्यास रॉकची धार, असे तीन चेहरे एकाच वाद्यातून मिळत.

तरीही प्रत्येक शैलीतील पहिले वाद्य ही गिटार ठरली नाही. वेस माँटगोमेरी यांनी पोकळ एल-५ सोडली नाही, जो पास यांची ओळख ईएस-१७५ शीच राहिली आणि कंट्री संगीतात फेंडरची टेलिकास्टर अढळ राहिली. अत्यंत मोठ्या आवाजाच्या मेटल संगीतात भरीव गिटारच सोयीची पडते. ज्याला एकाच शैलीत खोलवर जायचे आहे त्याच्यासाठी त्या शैलीचे खास वाद्य सरस असते. ज्याला अनेक शैलींत वावरायचे आहे आणि खरेदी एकाच गिटारची करायची आहे, त्याच्यासाठी मधल्या ठोकळ्याची गिटार हा आजही सर्वांत कमी तडजोडीचा पर्याय आहे.

भारताशी संबंध

गिब्सनच्या गिटारींनी हिंदुस्तानी संगीतातही स्थान मिळवले, तेही मूळ हेतूहून निराळ्या रीतीने. ब्रिजभूषण काबरा यांनी गिब्सनची सुपर ४०० ही मोठी पोकळ गिटार घेऊन तिच्या तारा पडद्यांपासून उंच उचलल्या, एक जादा तार जोडली आणि ती मांडीवर ठेवून सळईने वाजवली. शिवकुमार शर्मा व हरिप्रसाद चौरसिया यांच्यासह त्यांची 'कॉल ऑफ द व्हॅली' ही ध्वनिमुद्रिका १९६७ मध्ये निघाली. स्पॅनिश पद्धतीसाठी घडविलेले वाद्य येथे पुन्हा हवाईयन पद्धतीकडे वळले. मींड हा रागसंगीताचा प्राण असल्याने पडद्यांचा अडथळा नको होता. एका शैलीत जे वाद्य परिपूर्ण ते दुसरीत फेरफाराशिवाय चालत नाही, याचे हे ठळक उदाहरण होय.

उत्तरायुष्य

१९६६ मध्ये मॅकार्टी यांनी गिब्सन सोडली. पॉल बिग्ज्बी यांच्याकडून त्यांनी बिग्ज्बी ही कंपनी विकत घेतली. तारांचा ताण हाताने कमीजास्त करून स्वर हलविणारी दांडी ही तिची प्रसिद्ध निर्मिती होती आणि अनेक ३३५ गिटारींवर ती बसविली जात असे. मॅकार्टी यांनी ही कंपनी १९९० च्या दशकाच्या अखेरीपर्यंत चालवली. गिब्सनची मालकी १९६९ मध्ये बदलली. त्यानंतरच्या काळातील तिच्या उत्पादनाच्या दर्जाविषयी वादक व संग्राहक सामान्यतः प्रतिकूल बोलतात.

१९८० च्या दशकात पॉल रीड स्मिथ या तरुण वाद्यनिर्मात्याने जुन्या पेटंटांवर मॅकार्टी यांचे नाव पाहून त्यांचा शोध घेतला आणि त्यांना सल्लागार म्हणून बोलावले. लाकूड कसे वाळवावे, गोंद कोणता वापरावा, पडदे कसे बसवावेत यांसारख्या बाबींवर दोघांत दीर्घ चर्चा होत. १९९४ मध्ये स्मिथ यांच्या कंपनीने मॅकार्टी यांच्या नावाची गिटार बाजारात आणली. गिब्सनमधील सोळा वर्षांच्या अध्यक्षपदात एकाही गिटारवर त्यांचे नाव आले नव्हते.

१ एप्रिल २००१ रोजी वयाच्या ९१ व्या वर्षी मॅकार्टी यांचे निधन झाले. पार्सन्स स्ट्रीटवरील ज्या कारखान्यात त्यांनी काम केले तो गिब्सनने १९८४ मध्ये बंद केला होता. तेथील काही जुन्या कामगारांनी दुसऱ्याच वर्षी त्याच इमारतीत हेरिटेज नावाची कंपनी काढली. एच-५३५ ही मधल्या ठोकळ्याची अर्धपोकळ गिटार त्या कंपनीच्या प्रमुख उत्पादनांपैकी एक आहे.