जोसेफ वाझ : सेवेचा हात आणि जातीचे दार

ख्रिस्ती संघांच्या सेवेचा विषय निघाला की मोरा-उरणच्या आपल्या तरुणांत दोन टोके दिसतात. काहींना ते निव्वळ धर्मांतर वाटते, तर काहींना असे झोकून देणारे लोक आपल्याकडे का नाहीत याची खंत वाटते. दोघांनीही गोव्याच्या फादर जोसेफ वाझ यांचे आयुष्य समजून घ्यावे, असे आम्हाला वाटते. त्यातली शेवटची जवळजवळ वीस वर्षे एका बौद्ध राजधानीच्या आश्रयाने गेली.

वाझ यांचा जन्म २१ एप्रिल १६५१ रोजी बाणावलीला, आजोळी झाला. घर सांकवाळचे, घराणे ख्रिस्ती झालेल्या ब्राह्मणांचे. धर्म बदलला होता, जात मात्र सोबत आली होती. १६७६ मध्ये ते धर्मगुरू झाले. त्या काळी युरोपीय संघ स्थानिक माणसाला सहसा आत घेत नसत. म्हणून काही गोमंतकीय धर्मगुरू जुन्या गोव्यात एकत्र राहू लागले होते. १६८५ मध्ये वाझ त्यांच्यात सामील झाले, प्रमुख झाले आणि संत फिलिप नेरी यांच्या धर्तीवर त्यांनी ओरेटरी उभी केली.

श्रीलंकेच्या किनाऱ्यावर तेव्हा डचांची सत्ता होती आणि त्यांनी कॅथलिक धर्मगुरूंवर बंदी घातली होती. १६८७ मध्ये वाझ भिकाऱ्याच्या वेशात जाफन्याला पोहोचले. १६९२ मध्ये कँडीत पोर्तुगीज हेर समजून त्यांना कैद झाली. पण पुढे त्याच कँडीने त्यांना मोकळीक दिली. राजा होता दुसरा विमलधर्मसूर्य. भिक्खूंची खंडित उपसंपदा पुन्हा सुरू व्हावी म्हणून आराकानहून भिक्खू आणवणारा हा बौद्ध राजा. ख्रिस्ती डचांनी ज्याचा पाठलाग केला, त्याला बौद्ध राजाने थारा दिला.

१६९७ च्या सुमारास कँडीत देवीची साथ आली. लोक रोग्यांना टाकून पळाले. वाझ मागे राहिले. त्यांनी रोग्यांची शुश्रूषा केली, मृतांना मूठमाती दिली आणि कोणाचाही धर्म विचारला नाही. १६ जानेवारी १७११ रोजी कँडीतच त्यांचे निधन झाले. ते गोव्याला परतलेच नाहीत. १४ जानेवारी २०१५ रोजी कोलंबोत पोप फ्रान्सिस यांनी त्यांना संतपद दिले.

या गौरवात एक गोष्ट झाकली जाते. गोव्याच्या ओरेटरीत प्रवेश फक्त ब्राह्मण ख्रिस्तींना होता. गोऱ्यांनी वंशावरून दार बंद केले, म्हणून यांनी स्वतःचे घर बांधले आणि त्याच्या दाराला जातीची कडी लावली. रोग्याला हात लावताना जात आड आली नाही, सोबत बसवताना आली.

इथेच तथागतांच्या संघाचे वेगळेपण कळते. त्यांनी आनंदासह आजारी भिक्खूला स्वतः धुतले, आणि शाक्य राजपुत्रांच्या आधी उपाली न्हाव्याला दीक्षा दिली. तिथे सेवा होती आणि समताही होती.

मग आपले काय? मोरा बंदरावर राबणारा परप्रांतीय मजूर तापाने फणफणला तर आपले मंडळ त्याच्या खोलीवर जाते का? मातंग, आदिवासी, भटके तरुण आणि आपल्याच बहिणी विहाराच्या कार्यकारिणीत आहेत का? वाझ यांच्याकडून झोकून देणे जरूर शिकू या. दार कसे उघडे ठेवायचे, ते मात्र बुद्ध आणि बाबासाहेबांनी आपल्याला आधीच शिकवले आहे.

जयभीम, नमो बुद्धाय!