क्रिकेटने कुस्ती संपवली का? उत्तर खाशाबा जाधवांच्या आयुष्यात आहे

दिवाळी झाली की पवनीसह भंडारा जिल्ह्यात गावोगावी मंडई भरते. दंडार असते, नाटक असतं, कबड्डीचे सामने असतात. आणि धान कापून रिकाम्या झालेल्या बांधीत टेनिस बॉल क्रिकेटही रंगतं. मग व्हॉट्सॲप ग्रुपवर जुनाच वाद पेटतो. एक गट म्हणतो, क्रिकेटने आपल्या मातीतले खेळ खाल्ले. दुसरा म्हणतो, लोकांना आवडतं तेच चालणार.

या वादात एक नाव हमखास येतं, ते म्हणजे खाशाबा जाधव. स्वतंत्र भारताला पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक मिळवून देणारे पैलवान. ते आपल्या भागातले नाहीत, तिकडे कराडजवळचे. पण त्यांची गोष्ट नीट पाहिली तर दोन्ही गटांना विचार करावा लागेल.

गोळेश्वरचा बुटका पैलवान

खाशाबांचा जन्म १५ जानेवारी १९२६ चा, सातारा जिल्ह्यातल्या गोळेश्वर गावचा. वडील दादासाहेब स्वतः पैलवान, त्यामुळे तालमीची ओळख घरातच झाली. कराडच्या टिळक हायस्कूलमध्ये शिकून ते कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजमध्ये गेले. चण लहान, पण चपळाई अशी की समोरचा सावध व्हायच्या आत डाव पडलेला असायचा.

१९४८ मध्ये लंडन ऑलिम्पिकसाठी त्यांची निवड झाली. खर्चाला कोल्हापूरच्या महाराजांनी हात दिला. तिथे मात्र वेगळीच अडचण उभी राहिली.

माती वेगळी, गादी वेगळी

आपल्याकडची कुस्ती हौद्यातल्या लाल मातीत व्हायची. समोरच्याला चितपट केलं की निकाल लागला. ऑलिम्पिकमध्ये गादी होती, वजनी गट होते, घड्याळ होतं आणि पंचांचा निर्णय होता. मातीत पाय रुततो, गादीवर सरकतो. म्हणजे डाव तेच असले तरी अंदाज नव्याने बांधावा लागतो.

खाशाबांना गादीची सवय नव्हती. अमेरिकेचे प्रशिक्षक रीस गार्डनर यांच्याकडून त्यांनी तिथले नियम समजून घेतले आणि फ्लायवेट गटात सहावा नंबर मिळवला. परत आल्यावर ते पुढच्या ऑलिम्पिकच्या तयारीला लागले.

इथे एक गोष्ट लक्षात घ्या. ज्यांना आपण मातीतल्या खेळाचं प्रतीक मानतो, त्यांनी पदक मिळवलं ते परक्या नियमांची कुस्ती शिकून.

१९ जुलै १९५२

१९५२ च्या हेलसिंकी ऑलिम्पिकला जायला पैसे नव्हते. राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डीकर यांनी आपलं घर गहाण ठेवून ७,००० रुपये उभे केले. गावकऱ्यांनीही वर्गणी काढली.

आता तारीख बघा. १९ जुलै १९५२ ला हेलसिंकीत ऑलिम्पिकचं उद्घाटन झालं. त्याच दिवशी इंग्लंडमध्ये ओल्ड ट्रॅफर्डवर भारताची क्रिकेट टीम एकाच दिवसात दोनदा ऑलआऊट झाली, आधी ५८ वर आणि मग ८२ वर. कॅप्टन होते सांगलीत जन्मलेले विजय हजारे. सांगली ते कराड अंतर जेमतेम दोन तासांचं.

त्यानंतर चारच दिवसांनी, २३ जुलैला, खाशाबांनी बँटमवेट गटात ब्राँझ पदक जिंकलं. जपानच्या शोहाची इशीईला गोल्ड मिळालं आणि सोव्हिएत रशियाच्या रशीद मामेदबेकोव्हला सिल्व्हर. या दोघांकडूनच खाशाबा हरले होते. दोन लढतींमध्ये नियमाप्रमाणे विश्रांती मिळाली नाही आणि त्यांच्या बाजूने भांडायला भारतीय अधिकारी हजर नव्हता, असं कुस्तीच्या वर्तुळात आजही सांगितलं जातं.

गाव विसरलं नाही, मग विसरलं कोण?

कराडला त्यांची मिरवणूक निघाली तेव्हा शंभराहून जास्त बैलगाड्या होत्या. म्हणजे लोकांना कुस्ती नकोशी झाली होती, असं म्हणता येत नाही. पुढे कुस्त्या भरवून त्यांनी खर्डीकर सरांचे पैसे फेडले, असंही सांगतात.

१९५५ मध्ये ते पोलीस खात्यात सब-इन्स्पेक्टर झाले. गुडघ्याच्या दुखापतीमुळे १९५६ चं ऑलिम्पिक हुकलं. असिस्टंट कमिशनर म्हणून ते निवृत्त झाले. १४ ऑगस्ट १९८४ ला रस्त्यावरच्या अपघातात त्यांचा मृत्यू झाला. जिवंतपणी ना पद्म पुरस्कार मिळाला, ना अर्जुन. अर्जुन मिळाला तो मरणोत्तर.

विजय हजारेंना १९६० मध्येच पद्मश्री मिळाली होती. हजारे थोर बॅट्समन होते, त्यात वाद नाही. पण क्रिकेटकडे १९२८ पासून बोर्ड होतं, रणजी स्पर्धा होती, परदेश दौरे होते. खेळाडू हरून आला तरी त्याला पुढची मॅच मिळायची. कुस्तीकडे जत्रा होत्या, प्रेम होतं, गहाण टाकायला एका प्राचार्यांचं घर होतं. भारताला पुढचं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक मिळायला ४४ वर्षं लागली. १९९६ मध्ये लिअँडर पेसने ते टेनिसमध्ये आणलं.

बंदी घालून काय होतं?

मग इंग्रजांचे खेळ बंदच करायचे का? आयर्लंडने हे करून पाहिलंय. तिथे हर्लिंग आणि गेलिक फुटबॉल जपायला १८८४ मध्ये गेलिक ॲथलेटिक असोसिएशन स्थापन झाली. रग्बी किंवा क्रिकेट खेळणारा, अगदी नुसता बघणारा सभासदही बाहेर काढला जायचा. १९३८ मध्ये राष्ट्राध्यक्ष डग्लस हाइड फुटबॉलची मॅच बघायला गेले, तर त्यांचंही आश्रयदातेपद काढून घेतलं. गंमत म्हणजे संस्थापक मायकेल क्यूसॅक स्वतः रग्बी आणि क्रिकेट खेळलेले होते. ही बंदी शेवटी १९७१ मध्ये उठली. देशी खेळ मात्र टिकले, कारण त्यांच्यामागे गावागावातले क्लब आणि मैदानं होती.

आपल्याकडेही तसंच दिसतं. १९६१ ला सुरू झालेल्या महाराष्ट्र केसरीत माती आणि गादी असे दोन्ही विभाग आहेत. २०१४ मध्ये प्रो कबड्डी टीव्हीवर आली आणि क्रिकेट बघणारी तीच घरं कबड्डीही बघू लागली.

खाशाबांना क्रिकेटने हरवलं नाही. जिंकून आल्यावर त्यांच्यामागे कुणी यंत्रणा उभी केली नाही, तिथे ते मागे पडले. तेव्हा पुढच्या मंडईत हा वाद निघाला तर क्रिकेटच्या पिचकडे बोट दाखवण्याआधी एकच प्रश्न विचारा. आपल्या गावात जिंकणाऱ्या पोरीला किंवा पोराला पुढच्या स्पर्धेला जायचं तिकीट कोण काढून देणार आहे?